संचालक-क्रमांक व राहत्या पत्त्याचा दाखला

जळगाव व धुळे जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतःच्या उत्पादक कंपन्या काढल्या आहेत. अशा कंपनीस निदान पाच संचालक लागतात, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १५३ व्या कलमान्वये संचालक होऊ इच्छिणाऱ्याने ओळख-क्रमांकासाठी अर्ज करावयाचा असतो. त्यास राहत्या पत्त्याचा दाखला जोडावा लागतो.

सातबारा पुढे करण्याची आपल्याकडे सवयच आहे. परंतु त्यावरून जमीन कोणाची व पीक कोणते हे कळते. खातेदार राहतो कोठे, हे कळत नाही. हे उतारे लिहिण्यात आमचा जन्म गेला, सबब खात्रीने सांगतो. तेथे वीजबिल, टेलिफोनबिल किंवा बँकेचा खातेउतारा हवा. तोही अर्जदाराच्याच नावाचा व दोन महिन्यांच्या आतला. आजोबा वारले तरी घराचे मीटर त्यांच्याच नावे चालू, अशी घरे खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. ते बिल नातवाच्या कामाचे नाही. शेतपंपाचे बिल तर घराचे नव्हेच. अशांनी बँकेचा ताजा उतारा घ्यावा, हे आम्हांस सोयीचे वाटते; मात्र त्यावर पूर्ण पत्ता आहे ना, हे पाहून घ्यावे.

कागद केवळ मराठीत असल्यास हिंदी वा इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीशिक्क्यासह, जोडावे. नाव पॅनकार्डाबरहुकूम असावे. विवाहित स्त्रियांनीही येथे पतीचे नव्हे, पित्याचेच नाव द्यावयाचे असते. मिळालेला क्रमांक जन्मभर चालतो. दुसरा घेण्यास कायद्याची मनाई आहे.