गोचीड तीच, गाय वेगळी

पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही घाटावरून आणलेली संकरित गाय पावसाळ्यात तापली, की मला हमखास विचारतात, ‘‘मॅडम, गोचीड दोघींच्या अंगावर. मग आमच्या गावठीला काही कसं होत नाय?’’

होतं, पण ती निभावून नेते. आपली ही गावठी बुटकी गाय म्हणजे बहुतेकदा कोकण कपिला. 2018 साली स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली. गोचिडीच्या लाळेतून थायलेरियाचे जंतू गाईच्या पांढऱ्या पेशींत शिरतात आणि त्या पेशींनाच भराभर वाढायला लावतात. मी आधी खांद्यापुढची गाठ चाचपते, मग पापणी उलटून बघते. गाठ लिंबाएवढी लागली आणि पापणी पांढरी दिसली, तर वेळ थोडा उरलेला असतो.

एडिनबरोजवळच्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साहिवाल आणि होलस्टिन वासरांना हाच संसर्ग देऊन पाहिला. साहिवालही आपल्या गावठीसारखी वशिंडाचीच, होलस्टिन मात्र विलायती. साहिवालची वासरं उपचाराविना सावरली, होलस्टिनची गंभीर आजारी पडली. होलस्टिनच्या शरीरात दाह भडकत गेला. जंतूंइतकंच हे भडकणंही गाईला मारतं. साहिवालचं शरीर हा दाह आवरतं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण प्रतिकारशक्ती म्हणजे नुसता जोर नव्हे. शिवाय गावठी वासराला लहानपणापासून थोडा थोडा संसर्ग होत राहतो, त्यातून त्याचं शरीर तयार होतं. परगावची गाय मात्र अनेकदा कोरीच येते.

यकृतातल्या चपट्या कृमीपुढे मात्र गावठीच्या भरवशावर राहू नका. भोगावती आणि अंबा नद्यांकाठच्या भातखाचरांत पाण्यातल्या गोगलगायीत तो वाढतो, गवताला चिकटतो आणि चरताना पोटात जातो. प्रतिकारशक्तीला तो मंदावून ठेवतो, म्हणून एकाच जनावराला पुन्हा पुन्हा होतो. जनावर खंगतं, हनुवटीखाली पाणी उतरतं. जंताचं प्रत्येक औषध यावर चालतंच असं नाही, म्हणून ते विचारूनच घ्या.

संकरित गाय घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. दुधावर घर चालतं. पण ती आणाल त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि वासरांना थायलेरियाची लस कधी द्यायची ते ठरवून घ्या. रोज संध्याकाळी कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली हात फिरवा. ताप आणि गाठ एकत्र दिसली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा.