नव्या लॉग बर्नरला गंज: पाणी आलं कुठून?

समजा, तुम्ही लीड्सला किंवा मँचेस्टरच्या आसपास एखादं जुनं विटांचं घर घेतलंत. बैठकीच्या खोलीत बंद पडलेलं फायरप्लेस होतं, तिथे हौसेने लाकडावर चालणारा लोखंडी स्टोव्ह बसवून घेतलात. इथले लोक त्याला लॉग बर्नर म्हणतात. (स्टोव्ह म्हटलं की आपल्याला रॉकेलचा, पंप मारायचा स्टोव्ह आठवतो, हा म्हणजे काच लावलेलं दार असलेली बंद भट्टीच.) काही हजार पौंड गेले. आणि दोन महिन्यांत त्या काळ्याभोर माथ्यावर नारिंगी ठिपके दिसायला लागले. विकणारा म्हणतो, तुम्ही नीट वापरत नाही. बसवणारा म्हणतो, इथली हवाच अशी आहे. तुम्ही मधल्यामध्ये.

माझं पीएचडीचं काम हवेतल्या गंजावर चाललंय. म्हणजे पोलादाचे छोटे तुकडे घ्यायचे, त्यांच्यावर मिठाचे बारीक थेंब टाकायचे, ठरावीक आर्द्रतेच्या पेटीत ठेवायचे आणि काय होतं ते बघत बसायचं. त्यामुळे असे फोटो माझ्याकडे बऱ्याचदा येतात. त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी आलं कुठून?

आधी भीती घालवू. स्टोव्हचा पत्रा साधारण ५ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ५,००० मायक्रॉन. उघड्या पोलादाची पहिल्या वर्षात किती झीज होते यावरून वातावरणाचे वर्ग पाडणारं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२२३. त्यात कोरड्या, गरम ठेवलेल्या खोलीसाठी झीज वर्षाला १.३ मायक्रॉनपर्यंत धरली आहे. मध्यम प्रदूषणाच्या शहरात, तेही बाहेर उघड्यावर, २५ ते ५० मायक्रॉन. अगदी ५० धरले तरी ५ मिलिमीटर खायला शंभर वर्षं लागतील. तेव्हा वरवरच्या गंजाने स्टोव्हला भोक पडणार नाही. पण कोरड्या खोलीत इतक्या लवकर नारिंगी ठिपके यायलाच नको होते. ते आले, म्हणजे कुठून तरी ओल येतेय आणि तिची जागा शोधायला हवी.

लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज येतो, हे शाळेत शिकलोय. त्यातली गंमत अशी, की पाणी डोळ्यांना दिसावं लागत नाही. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९२० आणि १९३० च्या दशकांत यावर फार सुंदर प्रयोग केले. हवेत गंधकाच्या धुराचा नुसता अंश असला, तर सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्के होईपर्यंत लोखंड जवळजवळ स्वस्थ बसतं आणि त्यापुढे गंज एकदम वेग घेतो, हे त्याने दाखवलं. त्याचा दुसरा प्रयोग मला त्याहून आवडतो. त्याने लोखंडाचे तुकडे खोलीतच, पण मलमलीच्या पिंजऱ्यात ठेवले. हवा तीच, ओल तीच, फक्त धूळ अडली. ते तुकडे कितीतरी कमी गंजले.

आता तुमचा स्टोव्ह बसवला त्या दिवसाची खोली आठवा. प्लास्टरची धूळ, सिमेंट, ओल्या भिंती, घामेजलेल्या हातांचे ठसे. धुळीतले क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतं, मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत काय होतं ते आपल्याला सांगायला नको. तेच इथे पत्र्यावर होतं, फक्त इतक्या लहान प्रमाणात की दिसत नाही. आणि एक जालीम कारण: नव्या विटांवरचा सिमेंटचा थर काढायला गवंडी जे ‘ब्रिक ॲसिड’ वापरतात, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. स्टोव्ह शेजारी असताना ते वापरलं, तर नुसत्या वाफेनेही रातोरात गंज धरू शकतो. तुमच्याकडे विटा धुतल्या होत्या का, हे जरूर विचारा.

“पण रंग होता ना त्यावर?” होता. पण तो गाडीच्या रंगासारखा नसतो. स्टोव्हचा रंग सिलिकॉन रेझिनचा. त्याचं काम उष्णता सोसणं, पाणी अडवणं नाही. थर पातळ आणि सच्छिद्र असतो. शिवाय कारखान्यातून येतो तेव्हा तो बहुधा पुरता पक्का झालेलाच नसतो. पहिल्या काही वेळा स्टोव्ह पेटवल्यावर, पत्रा साधारण २०० अंशांच्या वर गेला की तो खऱ्या अर्थाने पक्का होतो. पहिल्या दिवशी जो घाण वास आणि धूर येतो तो याचाच. म्हणूनच खिडक्या उघड्या ठेवायला सांगतात. स्टोव्ह जुलैत बसवला आणि पहिला जाळ ऑक्टोबरात केला, तर मधले तीन महिने त्या पत्र्यावर धड कवचच नव्हतं.

आता डागांची जागा बघा. पुसण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण हमीचा वाद झाला तर हा नकाशा हाच तुमचा पुरावा आहे.

धुराची नळी जिथे स्टोव्हला जोडली आहे त्या गळ्याभोवती गंज असेल, वरून खाली ओघळ असतील, तर धुराड्यातून पाऊस आत येतोय. माथ्यावरची टोपी बसवलीच नसेल, किंवा टोपी आणि धुराड्याच्या मधल्या फटीतून पाणी झिरपत असेल. जुन्या धुराड्यात कोळशाच्या काजळीचे क्षारही मुरलेले असतात आणि ते पाण्याबरोबर उतरतात. सपाट माथ्यावर गोल डाग असेल तर किटली किंवा फुलदाणी. सगळ्या अंगावर सारखी बारीक पुरळ असेल तर खोलीची ओल: प्लास्टर वाळतंय, किंवा कपडे तिथेच वाळत घातले जातायत. (इंग्लंडातल्या हिवाळ्यात दुसरं करणार काय!)

आतल्या बाजूने किंवा दाराच्या कडेला गंज असेल, तर मात्र जळणाकडे वळायचं. कोरडं लाकूड जळतं तेव्हाही त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं: एक किलोमागे जवळपास अर्धा लिटर. लाकूड ओलं असेल तर ते पाणी वेगळं. ही सगळी वाफ थंड पत्र्याला लागली की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखी त्यावर जमते. अर्धवट जळलेल्या धुरात ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लं असतात, ती त्या पाण्यात उतरतात. म्हणजे रात्री हवेची झडप अगदी बंद करून ओलं लाकूड धुमसत ठेवणं हे स्टोव्हच्या पोटात व्हिनेगर फवारण्यासारखंच. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी मापात विकलं जाणारं सरपण २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचंच असावं लागतं. तो नियम हवेच्या प्रदूषणासाठी केला, पण स्टोव्हचाही फायदाच झाला.

काही जण म्हणतात, जोरात पेटवला की गंज जातो. जात नाही, रंग बदलतो. नारिंगी-पिवळा गंज म्हणजे पाणी धरून बसलेला आयर्न ऑक्साइड. तापला की पाणी सुटून लाल हेमॅटाइट उरतो. पिवडी भाजली की तिचा गेरू होतो, तेच हे. तुळशीवृंदावनाला शोभतो, स्टोव्हला नाही. आणि त्याखालचे क्षार जागेवरच राहतात, म्हणून पुढच्या दमट दिवसात पुन्हा तिथेच डाग.

तेव्हा आधी पाण्याची वाट बंद करायची, मग डागाला हात लावायचा. स्टोव्ह पूर्ण थंड हवा, आत एकही निखारा नको. स्प्रेचा रंग पेट घेतो. बारीक स्टील वूलने किंवा सँडपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, धूळ व्हॅक्यूमने ओढा, कोरड्या फडक्यावर थोडं व्हाइट स्पिरिट घेऊन पुसा आणि ते पूर्ण उडू द्या. पाण्याने धुऊ नका. मग कंपनीने सांगितलेला उष्णतारोधक रंग, पातळ थरात. वाळला की खिडक्या उघडून पहिले दोन-तीन जाळ छोटेच करा. तव्यासारखं तेल चोळण्याचा मोह होईल; तवा त्याने सुधारतो, पण स्टोव्ह त्याहून खूप तापतो, तेल जळून घरभर धूर होईल. बाजारातले ‘रस्ट कन्व्हर्टर’ही इथे नकोत. त्यांतले बरेचसे गेट आणि ग्रिलसाठी असतात आणि त्यांतला सेंद्रिय भाग या उष्णतेत टिकत नाही.

इतका वेळ ‘घाबरू नका’ म्हटलं, त्याला एक अपवाद. धुराची नळी स्टोव्हपेक्षा पातळ असते. तिच्यावर पापुद्रे सुटत असतील, सांध्यात फट दिसत असेल किंवा दाराची दोरी कडक होऊन निघाली असेल, तर पेटवणं थांबवा आणि नोंदणीकृत तंत्रज्ञाला बोलवा. तिथून कार्बन मोनॉक्साइड खोलीत येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. इंग्लंडमध्ये नव्या स्टोव्हबरोबर त्याचा अलार्म बसवणं २०१० पासून बंधनकारक आहे; तुमचा चालू आहे का, बटण दाबून बघा.

राहिला उन्हाळा. एप्रिलमध्ये शेवटचा जाळ झाला की राख आत सोडून देऊ नका. तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट ४३-४४ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढायला लागतं. ते अल्कधर्मी असल्यामुळे एकट्याने लोखंडाला फारसं खात नाही, हे खरं. पण सोबत क्लोराइड असतात, काजळीतली आम्लं असतात, आणि ओला लगदा तळाला चिकटून राहतो. राख काढा, धुराडं झाडून घ्या, हवेच्या झडपा उघड्या ठेवा म्हणजे आत वारा खेळेल. आणि सप्टेंबरमध्ये पहिला जाळ करण्याआधी टॉर्च घेऊन गळ्याभोवती एकदा बघा.