किमोनोची उलटी बाजू

किमोनो नेसताना डावी बाजू उजवीवर आणायची असते. उजवी वर आली, तर तो वेश मृताचा. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय साप्ताहिकांत जपानी घरं-बाजारांची चित्रं दिसली, की मी आधी किमोनोची कोणती बाजू वर आहे ते बघतो.

चार्ल्स विर्गमन 1861 मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा चित्रकार म्हणून जपानला आला आणि योकोहामात राहिला. त्याची रेखाटनं बोटीच्या टपालानं लंडनला जात. पोचायला दोनेक महिने लागत. तिथं दुसराच कुणी चित्रकार, बहुधा जपान कधी न पाहिलेला, ती बॉक्सवूडच्या ठोकळ्यावर उतरवी. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात, तसं हे चित्रही उलटं काढावं लागे. त्यानं आळस करून सरळच काढलं, की छापताना डाव्याचं उजवं होणार: सामुराईची तलवार उजव्या कमरेला आणि दुकानदार मृताच्या वेशात!

पुढचं काम कोरक्यांचं. बॉक्सवूडचं खोड बारीक, आणि कोरायचं ते त्याच्या आडव्या छेदावर. म्हणून मोठ्या चित्रासाठी छोटे तुकडे बोल्टनं जोडत. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरक्यांना वाटायचे. सांध्यावरून जाणाऱ्या रेषा मुख्य कोरक्या आधीच कोरून ठेवी, म्हणजे तुकडे पुन्हा जुळवल्यावर त्या तुटलेल्या दिसत नसत. तरी नीट पाहिलं तर काही छापील चित्रांत सांध्याची बारीक पांढरी रेघ सापडतेच. एकाच गल्लीतलं आकाश एकाच्या हातचं, गर्दी दुसऱ्याच्या. शिवाय छाया दाखवायची ती दाट समांतर रेघांनी. मला तरी त्यामुळे कागदी सरकत्या दारांच्या उजळ खोल्या लंडनच्या धुक्यात बुडाल्यासारख्या वाटतात.

विर्गमननं 1862 मध्ये योकोहामात ‘जपान पंच’ हे व्यंगपत्र काढलं. त्यावरून जपानीत व्यंगचित्राला ‘पोंची-ए’ म्हणू लागले. सुरुवातीला ते लाकडी ठशांवरून जपानी कागदावर छापत. जपानी ठसेकाम निराळं: उभ्या चिरलेली चेरीची फळी, कोरायला सुरी. पातळ कागदावरचं चित्र फळीवर पालथं चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं. मूळ चित्र त्यात संपतं, पण ते उलटं काढायला मधे कुणी लागत नाही. पालथं घातलं की ते आपोआप उलटतं, आणि छापल्यावर किमोनोची डावी बाजू उजवीवरच येते.