पाट्यांच्या स्प्रिंगांवरील वाहनाची उंची वाढविण्याचे मार्ग

खडक, चिखल आणि ओढ्यांचे पाणी यांतून चालणाऱ्या वाहनाचा सांगाडा जमिनीपासून जितका उंच तितके ते वाहन अधिक समर्थ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीत तथ्य आहे. परंतु ते अपुरे आहे. दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आलेली विलीज जीप, १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या तिच्या भारतीय आवृत्त्या आणि १९८५ मध्ये भारतीय रस्त्यांवर आलेली मारुती जिप्सी या सर्व वाहनांचे पुढील व मागील दोन्ही अखंड धुरे पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसविलेले असत. अशी वाहने आजही पुष्कळांच्या वापरात असून त्यांची उंची वाढविण्याचे काम गॅरेजांतून सर्रास केले जाते. या कामात कोणता मार्ग निवडावा, आणि निवडलेल्या मार्गाची किंमत वाहनाच्या कोणत्या अवयवाला मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. स्प्रिंगांमध्ये फेरफार केल्याने सांगाडा उंचावतो, धुरा नव्हे. धुऱ्याच्या मध्यावरील डिफरन्शियलचे घर हाच बहुधा वाहनाचा सर्वांत खालचा भाग असतो, आणि त्याची जमिनीपासूनची उंची केवळ चाकाच्या त्रिज्येवर अवलंबून असते. टायरचा व्यास २८ इंचांवरून ३१ इंचांवर नेला, तर हे घर सुमारे ३८ मिलिमीटर वर जाते. स्प्रिंगांनी वाहन कितीही उचलले, तरी ते मिलिमीटरभरही हलत नाही. म्हणून सांगाडा उचलण्याचे खरे प्रयोजन दुहेरी आहे. मोठ्या टायरला मडगार्डाखाली हलण्यास जागा मिळावी हे एक, आणि पुढील, मागील व पोटाखालील अडथळ्यांना ओलांडण्याचे कोन वाढावेत हे दुसरे. किती उचलावे या प्रश्नाचे उत्तर या दोन गरजांतूनच निघाले पाहिजे. जरुरीपेक्षा अधिक उचललेला प्रत्येक सेंटिमीटर हा निव्वळ तोटा होय.

आता स्प्रिंगेच्या स्वभावाकडे वळू. समान जाडीच्या पाट्यांची स्प्रिंग घेतली, तर तिची ताठरता पाट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या सम प्रमाणात, जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात आणि दोन डोळ्यांमधील लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. याहून महत्त्वाचा निष्कर्ष प्रतिबलाविषयी आहे. स्प्रिंग ठराविक अंतर दबली असता पाट्यात निर्माण होणारे प्रतिबल, पोलादाचा स्थितिस्थापकता-गुणांक, पाट्याची जाडी व दाब-अंतर यांच्या गुणाकाराची चौपट करून त्यास लांबीच्या वर्गाने भागले असता मिळते. या सूत्रात पाट्यांची संख्या येतच नाही. तात्पर्य, ज्या स्प्रिंगेकडून लांब हालचालीची अपेक्षा आहे तिचे पाटे पातळ व लांब असले पाहिजेत. लागणारी ताठरता त्यांची संख्या वाढवून मिळवावी, जाडी वाढवून नव्हे.

एक उदाहरण पाहू. स्प्रिंगेची लांबी १ मीटर व पाटे ६ मिलिमीटर जाडीचे असून स्थिर भाराखाली ती १०० मिलिमीटर दबते असे मानू. वाहन आदळताना ती आणखी ५० मिलिमीटर दबून रबरी थांब्याला टेकते. त्या क्षणी पाट्यातील प्रतिबल सुमारे ७४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असते. आता त्याच ताठरतेची, परंतु ५० मिलिमीटर अधिक बाक असलेली स्प्रिंग बसविली आणि थांबा जुन्याच जागी ठेवला, तर हेच प्रतिबल सुमारे ९९० पर्यंत चढते. थकव्याने पाटा मोडण्याची शक्यता अशा वेळी फार वाढते. थांबा ५० मिलिमीटर खाली आणला की हे संकट टळते. इतकी साधी गोष्ट अनेकदा विसरली जाते आणि दोष मात्र पोलादाला दिला जातो.

उंची वाढविण्याचे प्रचलित मार्ग पाच आहेत. पहिला मार्ग शॅकल लांब करण्याचा. शॅकल स्प्रिंगेच्या एकाच टोकाला असल्यामुळे तिची लांबी जितकी वाढते, त्याच्या निम्म्यानेच सांगाडा धुऱ्यावर उचलला जातो. शिवाय स्प्रिंग तिरपी होऊन धुरा फिरतो. पुढील स्प्रिंगेची शॅकल पुढच्या टोकाला असेल, तर चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा माथा पुढे झुकतो, म्हणजे कॅस्टर कोन घटतो, आणि वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती क्षीण होते. शॅकल मागच्या टोकाला असेल, तर परिणाम याच्या उलट होतो.

दुसरा मार्ग धुरा व स्प्रिंग यांमध्ये ठोकळा बसविण्याचा. स्प्रिंग धुऱ्याच्या वर असेल तरच याने उंची वाढते. जुन्या जीपप्रमाणे ती धुऱ्याखाली असल्यास ठोकळ्याने वाहन उलट खाली जाईल. पुढील धुऱ्यावर तर ठोकळा वर्ज्यच समजावा, कारण ब्रेक व सुकाणू या दोहोंचे बल तेथे एकाच सांध्यावर येते. तिसरा मार्ग एक पाटा वाढविण्याचा. पाच पाट्यांत त्याच जाडीचा सहावा घातला की ताठरता एकपंचमांशाने वाढते. वरील उदाहरणात स्थिर दाब १०० वरून सुमारे ८३ मिलिमीटरवर येतो आणि वाहनाच्या आंदोलनाची कंप्रता दर सेकंदाला १.५८ वरून १.७३ होते. हा मार्ग स्वस्त आहे. नेहमी बोजा वाहणाऱ्या गाडीला तो मानवतो; रिकाम्या गाडीला मात्र ताठ करतो आणि चाक खड्ड्यात उतरण्याऐवजी अधांतरी राहते.

चौथा मार्ग अधिक बाकाची संपूर्ण नवी स्प्रिंग बसविण्याचा, आणि पाचवा धुऱ्याखालील स्प्रिंग धुऱ्याच्या वर नेण्याचा. पाचव्या मार्गात धुऱ्याच्या नळीचा व्यास आणि पाट्यांच्या थराची जाडी यांच्या बेरजेइतकी उंची एकदम मिळते व स्प्रिंग सपाट, म्हणून मऊ ठेवता येते. हा लाभ मोठा आहे. परंतु त्यापाठोपाठ येणारे परिणामही तितकेच मोठे आहेत.

त्यांतील मुख्य परिणाम धुऱ्याच्या पिळाचा. चाके जमिनीला मागे रेटतात तेव्हा स्प्रिंगेला पिळणारा आघूर्ण, रेट्याचे बल आणि जमिनीपासून स्प्रिंगेची उंची यांच्या गुणाकाराइतका असतो. चाकाची त्रिज्या ३८ सेंटिमीटर व स्प्रिंग धुऱ्याच्या मध्याखाली ७ सेंटिमीटर असेल, तर हे अंतर ३१ सेंटिमीटर भरते. तीच स्प्रिंग मध्याच्या वर ७ सेंटिमीटर नेली, तर ते ४५ होते. म्हणजे त्याच रेट्याला पीळ सुमारे ४५ टक्क्यांनी वाढला. मऊ पाटे या पिळाने इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, सुटतात आणि पुन्हा वाकतात. चढावर चाके उड्या मारू लागतात ती यामुळेच. पीळ अडविणारा स्वतंत्र दांडा न बसविता हा मार्ग स्वीकारणे अयोग्य होय.

प्रॉपेलर शाफ्टवरील परिणाम आखूड वाहनात विशेष जाणवतो. विलीज जीपच्या दोन धुऱ्यांतील अंतर सुमारे २०३ सेंटिमीटर असल्याने तिचा मागील शाफ्ट आखूडच असतो. त्याची आडवी लांबी ५० सेंटिमीटर आणि दोन टोकांच्या पातळीतील फरक ८ सेंटिमीटर असल्यास कोन सुमारे ९ अंश होतो. वाहन १० सेंटिमीटर उचलले की तो जवळजवळ २० अंशांवर जातो. एका युनिव्हर्सल जॉइंटमुळे फेऱ्यांच्या वेगात पडणारा चढउतार ९ अंशांना सव्वा टक्क्याइतका, तर २० अंशांना सहा टक्क्यांहून अधिक असतो. दोन्ही टोकांचे कोन समान ठेवले तरच तो परस्परांत विरतो. याशिवाय शाफ्ट सुमारे अडीच सेंटिमीटर लांबावा लागतो. सरकत्या सांध्यात तेवढी जागा आहे की नाही हे आधी मोजले पाहिजे.

सुकाणूच्या दांड्याचे गणित याहून बोलके आहे. ६० सेंटिमीटर लांबीचा आडवा दांडा मुळात सपाट असेल, तर चाक ५ सेंटिमीटर वर वा खाली गेल्याने त्याच्या आडव्या मापात सुमारे २ मिलिमीटरचाच फरक पडतो. वाहन १२ सेंटिमीटर उचलून दांडा तिरपा झाला, की त्याच हालचालीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक सुमारे २० मिलिमीटर होतो. चालकाने हात न हलविताही चाके वळतात. घाटातील वळणावर एका खड्ड्याने वाहन दरीच्या बाजूस ओढले जाण्याचे कारण पुष्कळदा येथे सापडते.

स्थैर्याचा विचार शेवटी येतो, पण त्याचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. चाकांमधील रुंदी १२५ सेंटिमीटर व गुरुत्वमध्याची उंची ६५ सेंटिमीटर असता ताठ वाहन सुमारे ४४ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर वर गेला की ही मर्यादा ४० अंशांखाली येते. स्प्रिंगांचा झुकाव धरल्यास प्रत्यक्षातील मर्यादा याहून पुष्कळच कमी असते. कायद्याची बाजूही लक्षात घेणे अवश्य आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांवर निर्बंध घातले असून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या निर्बंधास दुजोरा दिला आहे. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या वाहनात असा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची अनुज्ञा हा पहिला प्रश्न ठरतो.

या सर्व विवेचनातून निवडीचा क्रम निष्पन्न होतो. आधी टायरचे माप ठरवावे. त्याला लागणारी जागा मोजावी. आणि तेवढीच उंची घ्यावी. ती ५ सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर पातळ व अधिक पाट्यांची, किंचित वाढीव बाकाची नवी स्प्रिंग, खाली आणलेला थांबा, योग्य लांबीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि लांब केलेल्या ब्रेकच्या नळ्या एवढ्याने काम भागते. गरज याच्या दुपटीहून अधिक असेल, तरच स्प्रिंग धुऱ्यावर नेण्याचा विचार करावा. आणि मग सुकाणू, शाफ्ट व पीळ-दांडा ही कामे त्याच खर्चात धरावीत. यांपैकी एखादे काम पुढे ढकलावे लागत असेल, तर वाहन मूळ उंचीवरच ठेवणे श्रेयस्कर. स्प्रिंग हा सुटा अवयव नाही. धुरा, शाफ्ट, सुकाणू आणि ब्रेक या सर्वांची मापे तिच्या उंचीशी बांधलेली असतात, आणि एक माप बदलणाऱ्याने उरलेली सर्व मापे पुन्हा तपासण्याची जबाबदारी पत्करलेली असते.