विश्लेषण : ब्रूस लीचा नायक पोलिसांकडे का जात नाही?

गुरूचा खून झालाय, खुनी कोण तेही समजलंय. मग तक्रार करायची सोडून नायक एकेकाला स्वतःच का मारत सुटतो? १९७२च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’बद्दल नव्या प्रेक्षकाला हा प्रश्न हमखास पडतो. उत्तर शांघायच्या इतिहासात आहे.

कथा काय?

दिग्दर्शक लो वेई यांच्या या हाँगकाँगी चित्रपटात ब्रूस लीने चेन जेन हा शिष्य साकारला. चेन काल्पनिक; त्याचे गुरू हुओ युआनजिया मात्र खरे. १९१० मध्ये शांघायमध्ये त्यांचा मृत्यू झाला. विषप्रयोगाची वदंता आजही आहे, चित्रपट तीच खरी धरतो. गुरूच्या शोकसभेत जपानी आखाड्याची माणसं ‘पूर्व आशियाचा आजारी माणूस’ अशी पाटी आणून देतात. चेन एकटा त्यांच्या आखाड्यात जातो, सगळ्यांना लोळवतो आणि तो कागद त्यांनाच चावायला लावतो.

कायदा कुणाचा?

शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीचा कारभार परकीयांच्या हाती होता. असमान करारांमुळे ब्रिटिश, जपानी अशा नागरिकांवर चिनी न्यायालयात खटलाच चालत नसे. त्यांचा न्याय त्यांच्याच देशाच्या कायद्याने होई. थोडक्यात, आरोपी जपानी आणि न्यायाधीशही जपानीच. चेनने दाद मागायची कुठे?

ती कुप्रसिद्ध पाटी

‘कुत्रे आणि चिनी लोकांना प्रवेश नाही’ ही बागेबाहेरची पाटी चेन लाथेने हवेतच फोडतो. नेमक्या या शब्दांची पाटी खरंच होती का, यावर वाद आहे. नियमफलकावर बाग परकीयांसाठी राखीव आणि कुत्र्यांना बंदी, अशी दोन वेगळी कलमं होती. अपमान तोच! चिनी लोकांना ही बाग १९२८ मध्ये खुली झाली. चेनला दारात अडवणारा पहारेकरी शीख आहे, आणि यात अतिशयोक्ती नाही. तिथल्या पोलिस दलात ब्रिटिशांनी शिखांची भरती केलीच होती. भारतीय प्रेक्षकाला हे दृश्य जरा टोचतंच.

शेवट (पाहिला नसेल तर इथेच थांबा)

शाळा वाचावी म्हणून चेन शरण येतो. बाहेर बंदुका रोखलेल्या. तो धावत झेप घेतो, चित्र हवेतच गोठतं आणि फक्त गोळ्यांचा आवाज येतो. १९९४च्या ‘फिस्ट ऑफ लेजंड’मध्ये जेट लीचा चेन जिवंत सुटतो. मारामारी तिथली सरस, पण ती झेप नाही.