केसांची इस्त्री आणि आपले तेल

लग्नसराई जवळ आली की केसांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या तरुणींची संख्या वाढते, हा परभणी जिल्ह्यातील आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव असेल. पूर्वी या तक्रारींमागे ज्वर, प्रसूती, आहारातील न्यूनता अशी कारणे सापडत. अलीकडे विचारपूस करता करता शेवटी एका यंत्राचा उल्लेख निघतो. घरच्या घरी केस सरळ करण्याची विजेची इस्त्री, अर्थात स्ट्रेटनर. ग्रंथांत या यंत्राविषयी काही असणे शक्यच नाही. तरीही वैद्य आणि औषधी दुकानदार या दोघांनीही ते समजून घेणे अगत्याचे आहे, कारण त्यात आपले तेलही गुंतलेले आहे.

आमच्याच चुकीपासून प्रारंभ करतो. सेलू भागातील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी ‘केस गळतात’ म्हणून आली. आम्ही खालित्य गृहीत धरून पित्तशामक औषधे व भृंगराज तेल दिले. दोन महिन्यांनी तक्रार वाढलेलीच होती. तेव्हा विंचरताना निघालेले केस कागदात बांधून आणावयास सांगितले. त्यांतील थोड्याच केसांना मूळ होते. बाकीचे मध्येच तुटलेले, टोके दुभंगलेली. चौकशीअंती कळले की, आम्ही सांगितल्याप्रमाणे ती रोज सकाळी तेल लावत होती आणि त्याच तेलकट केसांवरून इस्त्री फिरवून महाविद्यालयात जात होती.

खालित्यात वातादींसह देहातील तेज केशभूमी जाळते असे चरकांनी सांगितले आहे. सुश्रुतांनीही विकृती रोमकूपातच मानली आहे. इस्त्री जाळते ती केशभूमी नव्हे, केसाचा दांडा. केश हा अस्थिधातूचा मल. त्वचेबाहेर आलेल्या केसात रक्त नाही, संवेदना नाही. म्हणून भाजलेला केस पोटातील औषधाने भरून येत नाही. त्याला कात्री लावावी आणि महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर या गतीने नवा केस येईपर्यंत धीर धरावा. मुळाशी पांढरी गाठ असलेला केस गळलेला, गाठ नसलेला बहुधा तुटलेला. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, पण ती आम्ही केली नव्हती.

केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा आकार टिकविणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजनचे बंध दुर्बल असतात. ते पाण्याने वा उष्णतेने सुटतात आणि केस निवताना नव्याने जुळतात. गंधकाचे बंध बळकट असतात, ते सुटत नाहीत. त्यामुळेच इस्त्री केलेले केस धुतल्यावर किंवा मृगाच्या दमट हवेत पुन्हा वळतात आणि मुलगी पुन्हा इस्त्री हाती घेते. खरी हानी या पुनरावृत्तीत आहे. केस ओलसर असतील तर आतल्या पाण्याची वाफ होऊन दांड्यात बुडबुडे निर्माण होतात व तेथेच तो मोडतो. बाजारातील अनेक यंत्रे 200 अंशांपलीकडे तापतात. त्या तापमानाला तेलाचा धूर होतो. कढईतले तेल धुरावले की गृहिणी गॅस बारीक करते, येथे मात्र तोच धूर केसांवर निघत असतो.

याचा अर्थ तेल सोडावे असा नव्हे. गंगाखेडच्या जनाबाईच्या डोक्याला विठ्ठल लोणी चोळतो, असे वर्णन तिच्या नावावरील अभंगात आहे. स्नेहनाचे महत्त्व आपल्या जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. धुण्यापूर्वी वा नंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनाचा ऱ्हास कमी होतो, असे रेले व मोहिले या मुंबईतील संशोधकांनी 2003 साली दाखविले. (ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे संशोधक होते, हेही ध्यानात असावे.) प्रश्न वेळेचा आहे. तेल रात्री लावावे, सकाळी धुवावे, केस पूर्ण वाळू द्यावेत. इस्त्री करायचीच असेल तर त्यानंतर, पातळ बटा घेऊन, शक्य तितक्या कमी तापमानावर, त्वचेपासून दोन बोटे अंतर राखून आणि एकाच जागी न थांबता. रोज तर नकोच. बाटली देताना दुकानदाराने एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. ‘आमचे तेल लावून इस्त्री केली तर केस जळत नाहीत’ असे मात्र कोणी सांगू नये.

शिवाय, कुरळे केस हा व्याधी नाही. स्थिर, कुरळे, भ्रमरासारखे काळे केस सुश्रुतांनी कफप्रकृतीच्या लक्षणांत गणले आहेत. मुलीसमवेत आलेल्या आईच्या कानावर हे आम्ही आवर्जून घालतो.

आता एक गंभीर बाब. केस दीर्घकाळ सरळ राहावेत म्हणून लावण्याच्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असते आणि वरून हीच तापलेली इस्त्री फिरवली जाते. अशा उपचारानंतर वृक्कांना तीव्र इजा झालेल्या 26 रुग्णांची माहिती इस्रायलमधील वैद्यकतज्ज्ञांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केली. केस सरळ करून घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत मळमळ, उलटी, पोटदुखी घेऊन रुग्णा आली, तर आम्लपित्ताची मात्रा देऊन तिला परत पाठवू नये. केसांना काय लावले ते विचारावे आणि त्याच दिवशी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे.