चित्रांवरून उभे राहिलेले शहर

(वॉर्सा ही पोलंडची राजधानी. दुसऱ्या महायुद्धात हे शहर जवळजवळ नष्ट झाले होते. तेथील नागरिकांनी ते पुन्हा कसे उभारले, आणि आज तेथे काय काय पाहायला मिळते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थ्यांनो, युरोपचा नकाशा समोर घ्या. जर्मनीच्या पूर्वेला पोलंड हा देश दिसेल. या देशातून विस्तुला नावाची मोठी नदी वाहते. या नदीच्या काठी वॉर्सा शहर वसलेले आहे. चला, आज आपण या शहराचा फेरफटका मारू.

प्रथम आपण राजवाड्यासमोरच्या चौकात उभे राहू. चौकाच्या मधोमध एक उंच स्तंभ आहे. त्याच्या टोकावर राजा तिसरा सिगिसमंड याचा पुतळा आहे. राजाच्या एका हातात क्रूस आहे व दुसऱ्या हातात तलवार. पूर्वी पोलंडची राजधानी क्राकूव येथे होती. याच राजाने आपला दरबार वॉर्सा येथे आणला. त्याच्या मुलाने १६४४ साली हा स्तंभ उभारला.

चौकातून एक अरुंद रस्ता जुन्या शहरात जातो. दोन्ही बाजूंना पिवळ्या, गुलाबी, हिरवट रंगांची उंच घरे आहेत. त्यांची छपरे उतरती आहेत. दारांवर नक्षी आहे. पुढे बाजारचौक लागतो. तेथे एका मत्स्यकन्येचा पुतळा आहे. तिच्या एका हातात ढाल व दुसऱ्या हातात तलवार आहे. दंतकथा अशी, की या मत्स्यकन्येला कोळ्यांनी संकटातून सोडवले. तेव्हा तिने या शहराचे रक्षण करण्याचे वचन दिले. वॉर्साच्या राजचिन्हावरही हीच मत्स्यकन्या आहे.

हे सारे पाहून तुम्हांला वाटेल, की ही घरे तीन-चारशे वर्षांची असतील. पण तसे नाही. यांतील बहुतेक घरे तुमच्या आजी-आजोबांच्या वयाची आहेत! हे कसे घडले, ते आता ऐका.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला व दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याच महिन्यात वॉर्सावर बाँब पडले. १७ सप्टेंबरला राजवाड्याला आग लागली. मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाअकरा वाजता बंद पडले. नंतर जर्मन सैन्याने शहर ताब्यात घेतले. १९४० साली त्यांनी शहराच्या एका भागाभोवती उंच भिंत बांधली आणि ज्यू लोकांना त्या भिंतीआड कोंडले. तेथे चार लाखांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत होती. भूक व रोगराई यांनी हजारो माणसे मेली. उरलेल्यांपैकी बहुतेकांना छळछावण्यांत नेऊन ठार मारण्यात आले. एप्रिल १९४३ मध्ये तेथील तरुणांनी थोड्याशा शस्त्रांनिशी बंड केले. ते मोडून काढून जर्मनांनी तो सारा भाग जमीनदोस्त केला.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साचे नागरिक जर्मन सत्तेविरुद्ध उठले. हा लढा ६३ दिवस चालला. शेवटी नागरिकांना शरण जावे लागले. त्यानंतर शहर रिकामे करण्यात आले. मग जर्मन सैनिकांनी एकेक रस्ता, एकेक इमारत जाळायला व सुरुंगाने उडवायला सुरुवात केली. सिगिसमंडचा स्तंभ तर लढा चालू असतानाच पडला होता. राजवाडाही उडवण्यात आला. जानेवारी १९४५ मध्ये शहर मुक्त झाले, तेव्हा तेथील सुमारे ८५ टक्के इमारती नष्ट झाल्या होत्या. जिकडे पाहावे तिकडे विटा-दगडांचे ढिगारे होते.

आता काय करायचे? काही लोक म्हणाले, ‘राजधानी दुसऱ्या शहरात हलवावी.’ पण वॉर्साचे लोक थांबले नाहीत. कडाक्याच्या थंडीत ते आपल्या पडक्या घरांकडे परत येऊ लागले. मग सरकारने पुनर्बांधणीसाठी एक कार्यालय स्थापन केले. जुने शहर जसे होते तसेच उभे करायचे, असे ठरले.

परंतु जे शहर उरलेच नाही, ते ‘होते तसे’ बांधायचे कसे? कोणत्या घराला किती खिडक्या होत्या, कोणती कमान कोठे होती, हे कोण सांगणार?

येथे एक चित्रकार मदतीला आला. तो जिवंत नव्हता. त्याला जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. त्याचे नाव बेर्नार्दो बेलोत्तो. तो इटलीचा राहणारा होता व पोलंडच्या राजाच्या दरबारात काम करीत होता. १७७० च्या सुमारास त्याने वॉर्साचे रस्ते, चौक, वाडे व चर्च यांची चित्रे काढायला घेतली. प्रत्येक खिडकी, प्रत्येक कंगोरा त्याने बारकाईने रंगवला होता. या चित्रांचा पुनर्बांधणीत मोठा उपयोग झाला. मात्र कोठे कोठे त्याने चित्र सुंदर दिसावे म्हणून थोडा बदलही केला होता. म्हणून केवळ चित्रांवर विसंबून चालणार नव्हते.

दुसरा आधार विद्यार्थ्यांनी दिला. युद्धापूर्वी वॉर्साच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थी व शिक्षक यांनी जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन नकाशे काढले होते. जर्मनांच्या राजवटीतही हे काम गुपचूप चालू होते. शहर जळू लागले, तेव्हा हे नकाशे बाहेर नेऊन एका मठात लपवले गेले. युद्ध संपल्यावर ते सुखरूप परत आले. एका शाळकरी वहीएवढे साधे काम. पण त्यामुळे एक शहर वाचले.

मग सारा देश कामाला लागला. लोकांनी वर्गणी दिली. ढिगारे उपसून चांगल्या विटा बाजूला काढल्या. इतर शहरांतूनही विटा आल्या. जुन्या कोरीव दगडांचे तुकडे सापडले, ते नव्या भिंतींत त्यांच्या जागी बसवले. घरे बाहेरून जुन्यासारखी ठेवली. पण आत सोयीच्या खोल्या काढल्या. स्तंभ १९४९ साली पुन्हा उभा राहिला. पुतळा मोडतोड होऊनही वाचला होता, तोच दुरुस्त करून वर बसवला. १९५३ साली बाजारचौक लोकांसाठी खुला झाला. राजवाड्याचे काम मात्र १९७१ साली सुरू झाले. लोकांच्या वर्गणीतून तो बांधला गेला. जुलै १९७४ मध्ये मनोऱ्यावरचे घड्याळ पुन्हा सुरू करण्यात आले, आणि तेही बरोबर सव्वाअकरा वाजता! १९८० साली युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बेलोत्तोची चित्रे आज त्याच राजवाड्यात पाहायला मिळतात.

वॉर्सात पाहण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. विटांचा गोल बुरूज ओलांडला, की जवळच एक घर लागते. थोर शास्त्रज्ञ मेरी क्यूरी यांचा जन्म १८६७ साली तेथे झाला. त्यांनी शोधलेल्या एका मूलद्रव्याला आपल्या देशावरून ‘पोलोनियम’ हे नाव दिले. होली क्रॉस चर्चच्या एका खांबात संगीतकार शोपँ यांचे हृदय जपून ठेवले आहे. शोपँ १८४९ साली पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या बहिणीने त्यांचे हृदय मायदेशी आणले. वाझेन्की बागेत तळ्यातला महाल आहे. तेथे मोर हिंडत असतात आणि उन्हाळ्यात दर रविवारी शोपँच्या पुतळ्यापाशी पियानोवादन होते. शहराच्या मध्यभागी २३७ मीटर उंच संस्कृती भवन आहे. ते १९५५ साली पूर्ण झाले. त्याच्या तिसाव्या मजल्यावरून सारे शहर दिसते.

तुम्हांला ठाऊक आहे का, की वॉर्सात आपल्या कोल्हापूरचेही एक स्मारक आहे? युद्धकाळात पोलंडच्या पूर्व भागातील हजारो कुटुंबांना सोव्हिएत राजवटीने सायबेरियासारख्या दूरच्या प्रदेशांत पाठवले होते. तेथून सुटलेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. त्याची आठवण म्हणून २०१७ साली हे स्मारक उभारण्यात आले.

काही लोक विचारतात, ‘हे जुने शहर खरे की नकली?’ विटा नव्या आहेत, हे खरे. पण ते शहर परत मिळावे ही लोकांची ओढ नकली नव्हती. तरीही एक गोष्ट विसरू नका. घरे पुन्हा बांधता आली; माणसे परत आणता आली नाहीत. ज्यू वस्तीच्या जागी आज साधे रस्ते व नव्या इमारती आहेत. तेथे एक स्मारक आहे. १९७० साली जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट या स्मारकापुढे आले आणि एक शब्दही न बोलता गुडघे टेकून बसले.

मुलांनो, तुमच्याही गावात एखादी जुनी वेस, मशीद, देऊळ, वाडा किंवा विहीर असेल. एके दिवशी वही व मोजपट्टी घेऊन तेथे जा. लांबी-रुंदी मोजा, चित्र काढा, तारीख घाला. ते चित्र पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

शब्दार्थ
दंतकथा – लोकांच्या तोंडी चालत आलेली गोष्ट
जमीनदोस्त करणे – पाडून सपाट करणे
विसंबणे – भरवसा ठेवणे
कंगोरा – कडेची नक्षी
वेस – गावाचा दरवाजा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वॉर्सा शहर कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) राजवाड्यावरचे घड्याळ किती वाजता बंद पडले?
(इ) बाजारचौक कोणत्या साली लोकांसाठी खुला झाला?
२. कारणे लिहा.
(अ) केवळ बेलोत्तोच्या चित्रांवर विसंबून चालणार नव्हते.
(आ) वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे.
३. ‘घरे पुन्हा बांधता आली, माणसे परत आणता आली नाहीत.’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत लिहा.
४. तुमच्या गावातील एका जुन्या इमारतीची माहिती मिळवा व आठ-दहा ओळी लिहा.